लिथियम, मीठ आणि वैशाखातले ऊन

वाचकाचे पत्र (संक्षिप्त): डॉक्टरसाहेब, आमची चोपडा तालुक्यात सात एकर केळी आहे. माझ्या यजमानांचे वय 41 आहे. सहा वर्षांपूर्वी दत्तजयंतीच्या यात्रेला म्हणून ते सारंगखेड्याला गेले आणि घरात कुणाला न विचारता, केळीच्या पहिल्या कटाईचे सगळे पैसे मोजून, एक घोडी घेऊन आले. पुढचे पंधरा दिवस ते जवळजवळ झोपले नाहीत, सारखे बोलत होते, दिसेल त्याला पैसे वाटत होते. त्यानंतर चार महिने अंथरुणातून उठले नाहीत. जळगावच्या डॉक्टरांनी बायपोलर आजार असल्याचे सांगून लिथियमच्या गोळ्या सुरू केल्या आणि गेली चार वर्षे ते बरे आहेत. मागच्या आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आठवड्यात मात्र त्यांना उलट्या सुरू झाल्या, जीभ जड झाली, चालताना झोक जाऊ लागले आणि हात इतके थरथरले की पाण्याचा पेला तोंडापर्यंत जाईना. ऊन लागले असे सांगून दवाखान्यात दोन दिवस सलाईन लावली, तेव्हा बरे वाटले. त्याआधी केळीचे घड उचलून कंबर धरली होती म्हणून ते आठवडाभर मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या घेत होते. रक्तदाब थोडा वाढलेला निघाला म्हणून सासूबाईंनी महिनाभर त्यांना अळणी जेवण दिले होते. आता मोठे दीर म्हणतात की लिथियम मोबाईलच्या बॅटरीत असते, ते माणसाच्या पोटात कशाला घालायचे? ते यजमानांना म्हणतात, ‘आते बरा शेस ना, मंग गोया कसाले?’ यजमानांचेही मन डळमळले आहे. गोळ्या बंद कराव्यात का?

उत्तर:

ताई, सप्रेम नमस्कार. प्रश्नाचे उत्तर आधी देतो आणि कारणे मग सांगतो. गोळ्या आपल्या मनाने, एकाएकी बंद करू नका. मात्र त्या जशा चालू आहेत तशाच, रक्त न तपासता, चालू ठेवणे हेही माझ्या मते तितकेच चुकीचे आहे. मागच्या आखाजीला जे घडले ते निव्वळ ऊन लागणे असेल असे मला आपल्या पत्रावरून वाटत नाही. मी आपल्या यजमानांना तपासलेले नाही, त्यामुळे खात्रीने बोलण्याचा मला अधिकार नाही. परंतु उलट्या, जड जीभ, झोक जाणे आणि हातांचा मोठा कंप ही चार लक्षणे लिथियम घेणाऱ्या माणसात एकत्र दिसली, तर रक्तातले लिथियम वाढले असावे हा संशय सर्वांत आधी घ्यावा लागतो. त्या दोन दिवसांत तेवढी एक तपासणी झाली असती, तर आज दिरांशी वाद घालण्याची वेळ आपल्यावर आली नसती.

आपल्या पत्रातल्या तीन गोष्टी मी मुद्दाम एकापुढे एक ठेवतो, कारण आपण त्या वेगवेगळ्या म्हणून लिहिल्या आहेत. वैशाखातले ऊन, अळणी जेवण आणि कंबरदुखीच्या गोळ्या. लिथियम हा सोडियमचा जवळचा नातेवाईक आहे, आणि मूत्रपिंड या दोघांना बऱ्याच अंशी एकाच वाटेने हाताळते. शरीरातले मीठ आणि पाणी कमी झाले की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवू लागते, आणि त्या धरपकडीत लिथियमही लघवीवाटे बाहेर जाण्याऐवजी रक्तात परत ओढले जाते. चोपडा, यावल, भुसावळ या पट्ट्यात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास असताना केळीच्या बागेत दिवसभर राबणाऱ्या माणसाच्या अंगातून किती घाम जातो, हे मी आपल्याला सांगायला नको. त्यात ताटातले मीठ काढून घेतले गेले. त्यावर कंबरेसाठी ज्या गोळ्या घेतल्या त्या डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन या जातीच्या असतील, आणि मेडिकलमध्ये न विचारता बहुधा त्याच हातात पडतात, तर त्यांनीही मूत्रपिंडातून लिथियम बाहेर पडण्याचा वेग कमी केला असणार. म्हणजे गोळ्यांची संख्या तीच राहिली आणि रक्तातले लिथियम मात्र चढत गेले. सलाईन म्हणजे मीठ आणि पाणी. त्यामुळे दोन दिवसांत आराम पडला, हेही या हिशोबात चपखल बसते.

माझ्याकडूनही अशी चूक झालेली आहे. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत पारोळ्याकडच्या एका गवंड्याला मी फेब्रुवारीत लिथियम सुरू केले, सर्व तपासण्या केल्या, प्रमाण उत्तम आले, आणि उन्हाळ्याबद्दल एक शब्दही बोललो नाही. मे महिन्यात त्याचा भाऊ त्याला मोटारसायकलवर मध्ये बसवून, मागून दुसऱ्याने धरून, माझ्याकडे घेऊन आला. तो वाचला. तेव्हापासून लिथियमची चिठ्ठी लिहिताना रुग्ण काय काम करतो आणि ते उन्हात करतो की सावलीत, हे मी आधी विचारतो.

आता दिरांच्या बॅटरीबद्दल. त्यांची शंका चेष्टेवारी नेण्यासारखी नाही, कारण मूलद्रव्य खरोखरच तेच आहे. पण सोडियम हा धातू पाण्यात टाकला तर पेट घेतो आणि क्लोरीन हा विषारी वायू आहे. त्या दोघांचे मिळून जे होते ते आपण रोज वरणात घालतो. गोळीत असते ते लिथियम कार्बोनेट, म्हणजे दगडातून मिळणारा एक क्षार. लिथियमचा शोध 1817 मध्ये स्वीडनमध्ये आर्फवेडसन या रसायनज्ञाला एका खनिजातच लागला, आणि ग्रीक भाषेतल्या ‘दगड’ या शब्दावरून त्याचे नाव पडले. बॅटरीत ते पुष्कळ नंतर गेले. औषधाच्या बाटलीत त्याच्या कितीतरी आधी होते.

हे औषध मानसिक आजारात कसे आले, ती हकीकत मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण आपल्या घरात जो प्रश्न उभा आहे तो या औषधाच्या पहिल्याच रुग्णाच्या बाबतीत उभा राहिला होता. जॉन केड हे ऑस्ट्रेलियातले मनोविकारतज्ज्ञ. त्यांचे वडीलही मनोरुग्णालयात डॉक्टर होते, त्यामुळे बालपण रुग्णालयांच्या आवारातच गेले. दुसऱ्या महायुद्धात ते सिंगापूरमधल्या चांगी येथील जपान्यांच्या छावणीत तीन वर्षांहून अधिक काळ युद्धकैदी होते. परत आल्यावर मेलबर्नजवळच्या बंडूरा येथील रुग्णालयात, वापरात नसलेल्या एका कोठीघरात, त्यांनी प्रयोग सुरू केले. उन्मादाच्या, म्हणजे आपल्या यजमानांना त्या पंधरा दिवसांत आला तसल्या झटक्याच्या, रुग्णांच्या शरीरात एखादे विषारी द्रव्य साठत असावे आणि ते लघवीत सापडेल, अशी त्यांची कल्पना होती. ती कल्पना चुकीची निघाली. पण गिनीपिगांवर युरिक आम्लाचे परिणाम पाहण्यासाठी त्यांना पाण्यात सहज विरघळणारा क्षार हवा होता, तो लिथियमचा मिळाला, आणि लिथियम टोचलेले प्राणी भेदरून उड्या मारण्याऐवजी उताणे ठेवले तरी शांत पडून राहतात असे त्यांना दिसले. ती शांतता खरी होती की बिचाऱ्या प्राण्यांना थोडी विषबाधाच झाली होती, यावर नंतर बरीच चर्चा झाली, आणि मला दुसरी शक्यता अधिक पटते. चुकीच्या वाटेने जाऊन माणूस योग्य दारात उभा राहिला, असे विज्ञानात अधूनमधून घडते.

केड यांनी आधी स्वतः लिथियम घेऊन पाहिले. मग मार्च 1948 मध्ये त्यांनी ते एका 51 वर्षांच्या रुग्णाला दिले, ज्याचा उल्लेख वैद्यकीय इतिहासात केवळ आद्याक्षरांनी, डब्ल्यू. बी. असा होतो. हा माणूस पाच वर्षे सतत उन्मादात होता. अस्वच्छ, अस्वस्थ, वस्तूंची मोडतोड करणारा. काही आठवड्यांत तो निवळला आणि जुलैमध्ये घरी जाऊन आपल्या जुन्या कामावर रुजू झाला. घरी गेल्यावर त्याने काय केले असेल? बरे वाटते आहे म्हणून गोळ्यांकडे दुर्लक्ष केले आणि शेवटी त्या सोडल्या. 1949 च्या आरंभी तो पुन्हा रुग्णालयात आला. आपल्या दिरांचे वाक्य इंग्रजीत त्याला कुणी म्हटले होते की नाही कोण जाणे, पण घडले तेच. पुन्हा लिथियम सुरू झाले, पण रक्तातले प्रमाण मोजण्याची सोय त्या रुग्णालयात नव्हती. मात्रा लक्षणांकडे पाहून कमीजास्त केली जात होती. 1950 मध्ये तोच रुग्ण लिथियमच्या विषबाधेने दगावला. ज्या माणसाने या औषधाचा गुण जगाला दाखवला, त्यानेच त्याचा धोकाही दाखवला. केड इतके हादरले की आपल्याच शोधाचा वापर त्यांनी आपल्याच रुग्णालयात थांबवला.

मिठाचा धागाही त्याच काळातला आहे. केड यांचा शोधनिबंध सप्टेंबर 1949 मध्ये ऑस्ट्रेलियात प्रसिद्ध झाला. त्याच वर्षाच्या सुरुवातीला अमेरिकेत लिथियम क्लोराइड हे मिठाला पर्याय म्हणून, हृदयरोग आणि रक्तदाबामुळे अळणी खाणाऱ्या लोकांना विकले जात होते. मीठ बंद केलेल्या माणसांनी जेवणावर लिथियम, तेही हवे तितके, शिंपडायचे! काहीजण मरण पावले, अनेकांना विषबाधा झाली आणि अमेरिकी प्रशासनाने ते पदार्थ बाजारातून काढून घेतले. सासूबाईंचा हेतू मायेचाच होता याबद्दल मला शंका नाही, आणि त्यांना दोष देण्याचा माझा विचारही नाही. परंतु लिथियम घेणाऱ्या माणसाचे मीठ अचानक तोडणे ही गोष्ट सत्तर वर्षांहून अधिक काळ धोक्याची म्हणून ठाऊक आहे, हे त्यांना शांतपणे सांगावे.

या औषधाला वाचवले ते मोजमापाने. मेलबर्नमध्येच ट्राउटनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1951 मध्ये शंभराहून अधिक रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला आणि रक्तातले लिथियम मोजून औषध देण्याचा रस्ता घालून दिला. डेन्मार्कमध्ये मॉन्स स्काउ यांनी 1954 मध्ये काटेकोर चाचणी घेऊन उन्मादावर लिथियमचा गुण पडतो हे दाखवले. पुढे त्यांनी आणि त्यांचे सहकारी बास्ट्रुप यांनी आणखी मोठा दावा केला: लिथियम केवळ झटका ओसरवत नाही, नियमित घेतले तर पुढचे झटकेही थोपवते. त्यावर लंडनमधल्या नामांकित मंडळींनी 1968 मध्ये हा आणखी एक वैद्यकीय भ्रम तर नव्हे ना, अशी जाहीर टीका केली. टीका जिव्हारी लागण्याचे आणखी एक कारण होते. स्काउ यांचा स्वतःचा भाऊ वर्षानुवर्षे पुनःपुन्हा येणाऱ्या नैराश्याने खचला होता आणि लिथियमनेच सावरला होता. म्हणून ज्यांना गुण आला आहे त्यांच्या गोळ्या केवळ प्रयोगासाठी काढून घ्यायला त्यांचे मन तयार होत नव्हते. अखेर त्यांनी ती चाचणी केली आणि 1970 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लिथियमवर स्थिर असलेल्या 84 स्त्रियांपैकी 45 जणींचे लिथियम चालू राहिले आणि 39 जणींना नकळत तशाच दिसणाऱ्या, औषध नसलेल्या गोळ्या देण्यात आल्या. पाच महिन्यांत या 39 पैकी 21 जणींचा आजार उलटला. लिथियम चालू असलेल्या 45 जणींपैकी एकीचाही नाही.

दिरांच्या ‘गोया कसाले’ या प्रश्नाला हे उत्तर आहे. आपले यजमान बरे आहेत म्हणून त्यांना गोळ्यांची गरज नाही असे नसून, गोळ्या चालू आहेत म्हणून ते बरे असण्याचा संभव फार मोठा आहे. हे व्यसन नव्हे. लिथियमची तल्लफ येत नाही, मात्रा वाढवत न्यावी लागत नाही. पण ते तडकाफडकी सोडले तर आजार, विशेषतः उन्माद, लवकर आणि जोराने परतू शकतो. कधी बंद करायचेच ठरले, तर ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, निदान चार आठवडे आणि शक्य तर तीन महिने घेऊन, पायरीपायरीने उतरवायचे असते. आणखी एक गोष्ट दिरांना एकांतात सांगावी: लिथियमवर असलेल्या रुग्णांमध्ये आत्महत्येचे प्रमाण घटते, असे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसले आहे, आणि असे म्हणता येईल अशी औषधे मनोविकारशास्त्रात फार थोडी आहेत. ते चार महिने आपण विसरला नसाल.

तर या आठवड्यात करण्याचे काम म्हणजे रक्ताची तपासणी. रात्रीची गोळी नऊ वाजता घेतली असेल तर रक्त सकाळी नऊच्या सुमारास, म्हणजे 12 तासांनी, आणि सकाळची गोळी असल्यास ती घेण्यापूर्वी द्यावे. गोळी घेऊन लगेच रक्त दिले तर आकडा फसवा येतो. लिटरमागे 0.6 ते 1.0 मिलिमोल या पट्ट्यात प्रमाण असले तर साधारणपणे ठीक मानतात, 1.5 च्या वर गेले की धोका सुरू होतो, आणि काहींना त्याच्या आतही त्रास होतो. सोबत क्रिएटिनिन, थायरॉइडची टीएसएच आणि कॅल्शियम यांच्याही तपासण्या करून घ्याव्यात, कारण वर्षानुवर्षे लिथियम घेतल्याने थायरॉइड मंदावू शकते आणि काहींच्या मूत्रपिंडावर परिणाम होतो. या तपासण्या दर सहा महिन्यांनी व्हायला हव्यात, आणि आपल्या यजमानांच्या बाबतीत एक फेरी मार्चअखेरीस, उन्हे तापण्याआधी, पडावी असे मी सुचवीन. जळगावला जाणे प्रत्येक वेळी जमत नसेल तर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची पथके कोणत्या दिवशी आपल्या भागातल्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात येतात, याची चौकशी करावी. अडीअडचणीला टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

उन्हाळ्यात ताटातले मीठ नेहमीइतकेच ठेवा, अचानक वाढवूही नका आणि तोडूही नका. बागेत जाताना पाण्याचा जार आणि मीठ घातलेले ताक बरोबर असू द्या. निर्जळी उपवास त्यांनी करू नये. कंबर धरलीच तर पॅरासिटामॉल चालते, इतर वेदनाशामके डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. रक्तदाबाच्या डॉक्टरांनाही लिथियमचे नाव सांगणे आवश्यक आहे, कारण रक्तदाबाच्या काही गोळ्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या, लिथियमचे प्रमाण चढवतात. चिठ्ठीची झेरॉक्स काढून ती त्यांच्या पाकिटात ठेवा. आणि पुन्हा कधी उलट्या-जुलाब लागले, जीभ जड झाली किंवा झोक जाऊ लागले, तर पुढची गोळी देऊ नका, त्याच दिवशी रुग्णालयात न्या आणि दारातच सांगा की हे लिथियमवर आहेत, प्रमाण तपासा.

बशीतला चहा हिंदकळण्याइतपत हाताचा बारीक कंप एरवीही असेल, तर तो लिथियमचा नेहमीचा, त्रासदायक पण सहसा निरुपद्रवी परिणाम आहे. मात्रा थोडी कमी करून किंवा जोडीला दुसरी गोळी देऊन तो आटोक्यात येतो. तपासणीत मूत्रपिंडाची तक्रार दिसली किंवा उन्हातले काम टाळणे अशक्यच असेल, तर डॉक्टर दुसऱ्या औषधांचा विचार करतील. लिथियमलाच चिकटून बसा असा माझा आग्रह नाही. औषध बदलायचे तर ते जाणत्या माणसाने, तारखा लिहून बदलावे, एवढेच.

आपण विचारले नाही तरी एक गोष्ट सांगतो. शेतीपंपाला ज्या आठवड्यात रात्रीची थ्री फेज वीज असते, त्या आठवड्यात केळीला पाणी द्यायला कोण उठते? यजमान उठत असतील तर ते आधी थांबवा. सलग काही रात्री झोप मोडणे हे बायपोलर आजाराला उन्मादाकडे ढकलणारे एक ठाऊक कारण आहे, आणि गोळ्यांइतकेच लक्ष त्याकडे द्यायला हवे. दिरांना भावाची खरोखर काळजी आहे, ती त्यांच्या बोलण्यातूनच दिसते. तर रात्रीच्या पाळ्या त्यांनी घ्याव्यात. दोन-तीन रात्री झोप कमी होऊनही यजमान ताजेतवाने दिसू लागले, बोलणे वाढले, नवनवे बेत सुचू लागले, तर यात्रेची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करावा.

पत्राच्या शेवटी, कागदाच्या कडेला आडव्या अक्षरात, ती घोडी अजून गोठ्यात आहे, ती विकून टाकावी का, असे आपण लिहिले आहे. तिला पहाटे सहाला आणि संध्याकाळी सहाला चारा-पाणी यजमान स्वतः करतात, असेही लिहिले आहे. ती विकू नका. ठरलेल्या वेळी उठायला आणि ठरलेल्या वेळी घरी परतायला लावणारे असे दुसरे काही मला चिठ्ठीवर लिहून देता येणार नाही. मात्र विकत घेतल्याची पावती आपल्याकडे ठेवा, आणि पुढच्या दत्तजयंतीला सारंगखेड्याला जायचे असेल तर दोघे मिळून जा.